परकार साहेबांचं दुसरं पान

कुणाच्याही घरी गेले की परकार साहेब आधी बसत नसत. चपला दाराशी काढून ते सरळ भिंतीपाशी जात, गुडघ्याच्या उंचीवर तळहात टेकवत आणि विचारत, "पाणी कुठवर आलं होतं?" यजमान बिचारे गोंधळत. कुणी म्हणे टाकी गच्चीवर आहे, कुणी म्हणे दोन दिवस नळच कोरडा आहे. दिल्लीत पाण्याची वाट बघायची सवय, पाणी घरात शिरेल ही भीती कुणाला ठाऊकच नव्हती. मग साहेब हसत, खुर्ची ओढून बसत आणि आपणहून चहा मागत. "काही नाही हो, खोड आहे. आम्ही चिपळूणचे."

त्यांच्या लहानपणी चिपळूणला नदी पावसाळ्यात एकदा तरी बाजारपेठेत शिरायचीच. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीवर वडिलांनी कोळशाने रेघा ओढून ठेवल्या होत्या आणि त्या रेघांवरून घरातल्या वस्तूंच्या जागा ठरत. कुराण सगळ्यात वर, मग तांदळाची कोठी, मग कपडे, मग भांडी. ही शिस्त त्यांनी दिल्लीला आणली. लक्ष्मीबाई नगरमधला सरकारी क्वार्टर त्यांच्या पत्नी शमीमभाभींच्या नोकरीमुळे मिळालेला. त्या केंद्र सरकारच्या एका खात्यात होत्या. त्या घरात जमिनीवर काहीही ठेवलेलं नसे. बूट दुसऱ्या फळीवर, गॅसचं सिलिंडर चौथऱ्यावर, कागदपत्रांची पत्र्याची ट्रंक माळ्यावर. भाभी मला म्हणाल्या होत्या, "मी हिमतीने जमिनीवर उभी असते, म्हणून. नाहीतर एक दिवस हे मलाही उचलून कपाटावर ठेवतील."

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती नोकरीच्या मुलाखतीत. खासगी कंपन्यांना विमा विकायची परवानगी नुकतीच मिळाली होती आणि गुडगावात काचेच्या इमारती उठत होत्या. आमच्या इमारतीच्या मागे तेव्हा मोहरीचं शेत होतं आणि कॉन्फरन्स रूमच्या खिडकीतून मोर दिसत. मी पुण्याची, नुकती इंजिनियर झालेली, आणि पुण्याची असल्यामुळे सगळं येतं अशा समजुतीत. पॅनेलवरच्या दोघांनी मला पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल वगैरे विचारलं. तिसरे गृहस्थ, पांढरी दाढी, बाह्या दुमडलेला शर्ट, मराठीतच म्हणाले, "दातेबाई, तुमचं घर नदीपासून किती लांब?"

"माहीत नाही, सर."

"घरात शिरताना पायऱ्या किती?"

"चार."

"मग माहीत आहे तुम्हाला. कुणीतरी विचार करूनच चार ठेवल्यात." आणि त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, पण त्यांनी मला शेवटपर्यंत दातेबाईच म्हटलं.

आमचं काम असं होतं. एखादा कारखानदार विमा मागायला आला की परकार साहेब जाऊन जागा बघत आणि अहवाल लिहीत. मी टेबलापाशी बसून तो अहवाल वाचायचा आणि जोखीम घ्यायची की नाही, घेतली तर कोणत्या अटींवर, ते ठरवायचं. साहेब सरकारी विमा कंपनीतून आलेले, तिथे त्यांनी आयुष्य काढलेलं. जळालेली गोदामं, कोसळलेली छपरं, भूकंपात तडकलेल्या भिंती, सगळं त्यांनी हाताने चाचपलेलं. नव्या ऑफिसातले आम्ही लॅपटॉपवाले त्यांना जरा जुनाट समजत असू. ते आम्हाला जरा कोरडे समजत.

त्यांचा अहवाल नेहमी दोन पानांचा असे. पहिल्या पानावर धोका, दुसऱ्यावर उपाय. "धोका लिहायचा तो माणसाला सावध करायला," ते म्हणत, "आपल्याला पळून जायला नव्हे." आणखी एक वाक्य ते इतक्यांदा म्हणत की आम्ही मागे नक्कल करायचो: "माप माझं आहे, म्हणजे चूकही माझीच होणार. माप चुकलं तरी माणूस बुडू नये, म्हणून तर विमा असतो, बाई."

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला फाईल बघायला शिकवलं. वाचायला नाही, बघायला. फाईलमधला एक अहवाल उचलून त्यांनी डाव्या कोपऱ्यातल्या पिनेवर अंगठा फिरवला. "पान उलटून मागे घेतलं की इथे घडी पडते. घडी नसली तर समजायचं, दुसरं पान कुणी वाचलेलं नाही. माणूस सही करतो आणि शपथेवर सांगतो वाचलं म्हणून. पण कोपरा खोटं बोलत नाही." मला तेव्हा फार गंमत वाटली. घरी फोन करून मी आईला हे सांगितल्याचं आठवतं.

कमलेशच्या शेडवर त्यांनी मला मुद्दाम नेलं. मानेसरच्या अलीकडे, गाव संपून कारखाने सुरू होतात तिथे, बावीस बायका गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या. कमलेश विधवा. सासरच्या जमिनीतला मोठा भाग कारखान्यांसाठी गेला, उरलेल्या तुकड्यावर तिने पत्र्याची शेड टाकली, शिलाई मशिनं घेतली आणि गावातल्या बायका कामाला ठेवल्या. म्हातारी सासू दिवसभर शेडच्या दाराशी खाटेवर बसून हुक्का ओढायची आणि कोण किती वाजता आलं यावर लक्ष ठेवायची. कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळा, लग्नं, सगळं त्या बावीस मशिनांवर चालत होतं. ही शेड टिकली तर तेवढी घरं टिकणार होती. कमलेश म्हणाली, "साहब, मेरे पास यही है। ये गया तो मैं भी किसी के यहाँ सिलाई करूँगी।"

नकाशात काही नव्हतं. जमीन सपाट, जवळ नाला नाही, नदी तर नाहीच. मी मनात अहवाल लिहूनही टाकला होता. इतक्यात गाण्याचे आवाज आले. घागरा-ओढणीतल्या दहाबारा बायका, मधोमध डोक्यावर कलश घेतलेली एक बाळंतीण, गात गात थेट शेडच्या फाटकातून आत आल्या. रखवालदाराने काही न विचारता फाटक उघडलं. त्या मागच्या कोपऱ्यात, कॉम्प्रेसरच्या शेजारी गेल्या, हातपंपाला हळदकुंकू लावलं, गूळ ठेवला, पाण्याची धार सोडली आणि गातच परतल्या. मुलगा झाला की या भागात विहिरीची पूजा करतात, कुआँ पूजन. पण पूजा हातपंपाची का, आणि तीही कुणाच्या कारखान्यात शिरून?

परकार साहेबांनी तोवर बूट काढून ठेवले होते. ते म्हातारीच्या खाटेपाशी जमिनीवर बसले. "अम्मा, यहाँ क्या था?"

"जोहड़ था, और क्या। उसके किनारे कुआँ। जहाँ तू बैठा है, वहाँ मेरी भैंसें नहाती थीं।"

जोहड म्हणजे गावतळं. ते बुजवून सपाट केलं, विहीर बुजवून हातपंप बसवला, कागदावर जमीन झाली. पण बायकांना ठाऊक होतं पाणी कुठे राहतं ते, आणि त्या अजून तिथेच येत होत्या. साहेबांनी विचारलं, सगळ्यात जास्त पाणी आलं होतं तेव्हा कुठवर होतं? म्हातारी म्हणाली, "भैंस के पेट तक."

पुढचं दृश्य मी जन्मात विसरणार नाही. विमा कंपनीचे वरिष्ठ अधिकारी गोठ्यात शिरले आणि खिशातली टेप काढून त्यांनी म्हशीच्या पोटाची जमिनीपासून उंची मोजली. एका म्हशीवर त्यांचं समाधान झालं नाही. शेजारच्या दोन मोजल्या. एकीने लाथ मारली, ती चुकवताना त्यांचा चष्मा शेणात पडला. कमलेश तोंडावर ओढणी धरून हसत होती, बायका शिवणं सोडून दारात गोळा झाल्या होत्या. सरासरी काढून साहेबांनी तीत अर्धा फूट मिळवला. "हा अम्माच्या विसरण्याचा," असं म्हणून त्यांनी वहीत लिहिलं, अडीच फूट.

अहवाल टेबलावर आला त्याच आठवड्यात साहेबांची आई गेली आणि ते चिपळूणला गेले. आणि मी त्या आठवड्यात काय केलं ते आता लिहायलाच हवं.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे आगीच्या पॉलिसीत पुराचं संरक्षण आपोआप येई. ग्राहकाने लिहून दिलं तर मात्र ते वगळता येई आणि त्याचा हप्ता जरासा कमी होई. मुंबईहून आमच्या वरिष्ठांनी कळवलं होतं की परदेशात पूर आणि वादळं वाढत चालली आहेत, आपलं ओझं वाटून घेणाऱ्या परदेशी कंपन्या हात आखडता घेत आहेत, तर जिथे पाण्याचा वास येईल तिथे पूर वगळा. माझ्यापुढे त्या दिवशी अकरा फाईली होत्या. परकार साहेबांचं पहिलं पान मी वाचलं. "सदर जागा बुजवलेल्या तळ्याच्या तळाशी आहे. मोठ्या पावसात येथे पाणी साचणारच." इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी पुढे वाचलं नाही. पूर वगळल्याचं लिहून घ्यायला एजंटाला फोन केला, त्याने कमलेशला सांगितलं की मॅडमनी तुझा हप्ता कमी करून दिला. ती खूश झाली आणि इंग्रजीतल्या फॉर्मवर जिथे फुली होती तिथे तिने सही केली.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: मशिनांखाली अडीच फुटांचा पक्का ओटा बांधावा. मागच्या बाजूने नाली काढावी. हे झाल्यावर पुराचं संरक्षण द्यावं, मी पावसाळ्यापूर्वी स्वतः बघून येईन. असं अटीवर संरक्षण द्यायचा अधिकार मला होता. कुणाला विचारायचीही गरज नव्हती. एक पान उलटायचं होतं, बस.

साहेब परतले तेव्हा डोक्यावर काळी टोपी होती आणि चेहरा उतरला होता. आम्ही त्यांना भेटलो, काय बोलायचं ते बोललो. दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले, म्हणाले, कमलेशची फाईल दे. त्यांनी पॉलिसी पाहिली. मग अहवाल काढला. त्यांचा अंगठा कोपऱ्यातल्या पिनेवरून एकदा फिरला.   फाईल मिटून त्यांनी ती माझ्या टेबलावर नाही, कपाटावर ठेवली, उंच, आणि म्हणाले, "चला, दातेबाई, अजून पावसाला वेळ आहे."

त्यानंतरचे दोन महिने त्या माणसाची जी वणवण मी पाहिली ती कुणा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. मुंबईच्या वरिष्ठांनी सांगितलं, वर्ष संपेपर्यंत आता काही होत नाही, आणि शिवाय सर, तुम्हीच तर लिहिलंय, पाणी साचणारच म्हणून. ते कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कंपनीत गेले, मग करोल बागेच्या एकीत, मग आपल्या जुन्या सरकारी ऑफिसात. सगळीकडे आधीच्या तपासणीचा अहवाल मागत आणि साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं पहिलं पान त्यांच्या तोंडावर वाजे. जुन्या ऑफिसातल्या मित्राने शेवटी दार लावून सांगितलं, "यार परकार, ते तळ्याचं कलम काढून टाक. कोरा अहवाल आण, उद्या कव्हर देतो."

मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर होते. बाहेर व्हरांड्यात मी अक्षरशः हात जोडले. "काढा ना साहेब. चार ओळी तर आहेत."

ते एका खांबाच्या सावलीला सरकले. ऊन मी म्हणत होतं. मग म्हणाले, "बाई, पाणी आलं की पहिला सर्व्हेअर त्याच चार ओळी शोधेल. आणि त्याला त्या सापडतील, कारण तो हातपंप तिथेच असणार आहे. मग कमलेशला म्हणतील, तू लपवलंस. आज तिच्याजवळ संरक्षण नाही. तेव्हा अब्रूही नसेल." रस्त्याकडे बघत पुन्हा म्हणाले, "आणि मला लिहिता येणार नाही ते. मला लिहिताच येणार नाही." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. माझ्या मनात आलं, आत्ता सांगावं. आत्ता सांगावं की ते पान मी उलटलंच नाही. पण मी रिक्षा थांबवायला हात वर केला.

कमलेशला त्यांनी खरं ते सांगितलं. पुराचा विमा नाही, तेव्हा ओटा बांधायलाच हवा. ती म्हणाली, "तो वो कम काहे का हुआ था?" हप्ता कमी झाला तो कशाबद्दल, असं ती विचारत होती. मग ती ओढणी खोचून कामाला लागली. दर रविवारी साहेब लक्ष्मीबाई नगरहून दोन बस बदलून तिथे जात. विटा मोजत, ओळंबा धरत, गवंड्याशी हुज्जत घालत. भाभी डबा देत, त्यात बायकांसाठी तांदळाच्या भाकऱ्या असत आणि शेडमधल्या बायका त्या फार कौतुकाने खात. आषाढ लागता लागता ओटा पुरा झाला. अडीच फूट, एक सूत कमी नाही. म्हातारीने काठी टेकत येऊन त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "अब मेरी भैंस भी न डूबे."

पाऊस एक अख्खा दिवस आणि त्याच्यापुढची सकाळ पडला. दुपारी आम्ही निघालो. हायवेपासून पुढे गाडी जाईना, म्हणून चालत गेलो, मग पाण्यातून. त्या वर्षी शेतांच्या पलीकडे नव्या रस्त्याचा उंच भराव घातला होता आणि वरच्या अंगाला टॉवर उभे राहत होते. आमची कंपनी त्या टॉवरांचाही विमा उतरवत होती. पाणी जायचं तिकडून भरावाने अडवलं होतं, मुरायचं तिथे काँक्रीट होतं. मग त्याने जायचं कुठे? ते आपल्या जुन्या घरी आलं होतं.

बायका शेडच्या बाहेर एका ट्रॉलीवर उभ्या होत्या. आम्हाला पाहताच त्यातली एक ओरडली, "बीमे वाले आ गए!" बाकीच्यांचे चेहरे एकदम उजळले. एकीने तर टाळ्या वाजवल्या.  कमलेश तेवढी आमच्याकडे बघतही नव्हती. मला तिथल्या तिथे त्या पाण्यात बुडून जावंसं वाटलं, आणि हे मी काही बोलायचं म्हणून लिहीत नाही.

आत पाणी माझ्या छातीशी होतं. अडीच फुटांचा ओटा दिसतच नव्हता. त्याच्यावरही दीड फूट पाणी चढलं होतं, मशिनांच्या मोटारी पाण्याखाली, फोमचे तुकडे वर तरंगत होते, शिवलेली कव्हरं काळ्या पाण्यात लोळत होती. साहेब भिंतीपाशी गेले. सवयीने हात खाली गेला, पाण्यात गेला, आणि त्यांनी तो तसाच वर ओढत आणला. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी पाण्याच्या काठाशी भिंतीवर रेघ ओढली. रेघ तिरकी गेली. मी एवढ्या वर्षांत त्यांची ती एकच तिरकी रेघ पाहिली.

बाहेर म्हातारीने त्यांचा ओला बाहू धरला. ती रडत होती. "बेटा, मैंने झूठ नहीं बोला था। मेरे ज़माने में इतना कभी नहीं आया।"

साहेबांनी तिचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. "अम्मा, आपने सच कहा था। पानी बदल गया है।"

त्या दिवसापासून त्यांनी तो प्रश्न विचारणं सोडलं. कुणाच्या घरी गेले की नुसते खुर्चीत बसत. मला ते बघवत नसे. एकदा कॅन्टीनमध्ये मीच चिडवलं, "साहेब, भिंत बघायची राहिली." ते म्हणाले, "काय विचारू, दातेबाई? म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून मी आयुष्यभर मापं घेतली. आता पाणी त्यांच्या आठवणीच्या वर चढलंय. आणि आपल्या लोकांना वाटतं, पुढचं दिसेना म्हणजे सही करू नये. अरे, दिसत नाही म्हणूनच तर माणूस आपल्याकडे येतो!" एवढा आवाज चढवून ते कधी बोलत नसत. कॅन्टीनमधल्या दोघांनी वळून पाहिलं. मग ते उठले आणि आपला कप विसळून फळीवर ठेवून आले.

कमलेशची मशिनं भंगारात गेली. बायका पांगल्या. साहेब तरी तिच्याकडे जात राहिले, का ते मी विचारलं नाही. मी दोनदा ठरवून निघाले आणि दोन्ही वेळा गुडगावच्या राजीव चौकातून माघारी फिरले. पुढे मी नोकरी बदलली, बढत्या मिळाल्या, आता माझ्या हाताखाली वीस माणसं पूर आणि वादळांचे रंगीत नकाशे बनवतात. ईदला मी साहेबांकडे जायची, क्वार्टर सुटल्यावर त्यांच्या नव्या घरीही, ती चुकली नाही. शीरखुर्मा खायची, भाभींशी गप्पा मारायची, आणि ते एक वाक्य तसंच घेऊन परत यायची.

साहेब गेल्या थंडीत गेले. झोपेतच गेले. भाभींनी चाळिसाव्या दिवसानंतर मला बोलावलं आणि माळ्याकडे बोट दाखवलं. "ती ट्रंक तुझी. म्हणाले होते, दातेबाईला द्या, तिला वाचता येतं." मी स्टुलावर चढून ट्रंक उतरवली. आत त्यांच्या सगळ्या अहवालांच्या प्रती होत्या, वर्षवार सुतळीने बांधलेल्या.

मी जमिनीवर बसून एकेक उघडत गेले. कमलेशच्या शेडपर्यंतचे सगळे तसेच होते, पहिल्या पानावर धोका, दुसऱ्यावर उपाय. त्यानंतरचे बघताना काहीतरी वेगळं वाटत होतं, पण कळेना. मग कळलं. त्या पावसाळ्यानंतरच्या प्रत्येक अहवालात त्यांनी क्रम उलटा केला होता. पहिल्या पानावर उपाय: काय करावं, कुठे बांधावं, किती द्यावं. धोका दुसऱ्या पानावर. शेवटच्या दिवसापर्यंत, एकही अहवाल न चुकता. म्हणजे त्यांनी तो कोपरा पाहिला होता. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मला एक शब्दही न बोलता त्यांनी आपलीच पद्धत चुकीची ठरवून टाकली होती. मी तिथेच हमसून हमसून रडले. भाभींना वाटलं, साहेबांसाठी रडतेय.

गेल्या शनिवारी मी कमलेशकडे गेले. ती आता दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, केस पांढरे झालेत. जुनी शेड गोदाम म्हणून भाड्याने दिलीय, तिथेच मागच्या खोलीत राहते. मी पाणीही न पिता सांगून टाकलं. "कमलेशजी, वो ग़लती मेरी थी। साहब ने लिखा था कि बीमा दो। मैंने दूसरा पन्ना पढ़ा ही नहीं।"

ती गोंधळली. "पर साहब तो कह गए थे कि ग़लती उनकी थी। बोले, मैंने काग़ज़ उलटे लगा दिए थे। माफ़ी माँगी थी उन्होंने, अम्मा के सामने।"

"नहीं. ग़लती मेरी थी."

मला वाटलं होतं ती ओरडेल. मला तिने ओरडायला हवं होतं. ती उठली आणि मला गोदामात घेऊन गेली. पोत्यांच्या थप्पीमागे भिंतीवर ती पेन्सिलीची तिरकी रेघ अजून होती. भिंतीला दोनदा चुना दिला तरी तिने तेवढी जागा सोडायला लावली होती.

"अम्मा नहीं रही," ती म्हणाली. "साहब भी नहीं रहे। अब किससे पूछूँ? पानी तो हर साल ऊपर ही आ रहा है। आप ही बता दो मैडम, इस बार कहाँ तक आएगा?"

मी भिंतीपाशी गेले. साहेबांच्या रेघेवर तळहात टेकवला. तिथे ठेवून बघितला, मग थोडा वर नेला, मग आणखी वर. कमलेश माझ्या हाताकडे बघत होती. कुठे थांबायचं ते मला कळत नव्हतं. शेवटी मी टाचा उंचावल्या, आणि हात जिथवर पोचला तिथेच तो राहिला.